पोरगी मशीनवर आहे

दिवाळीच्या आधी आमच्या अंगणात सोयाबीन वाळत घातलं होतं आणि शेळ्यांपासून त्याची राखण माझ्याकडे होती. बसल्या बसल्या मी मोबाइलवर एक जुनी जपानी ॲनिमे मालिका लावली. ओस पडलेलं शहर, आभाळ कायम काजळीचं, आणि त्यात एक यंत्रमुलगी. ज्या म्हाताऱ्यानं तिला बनवलं, त्याच्याजवळच ती राहते. पहिल्या भागात ती खिडकीपाशी उभी राहते. दुसऱ्या भागात बसते. मला मालिका फार आवडली. आमच्या शिरपुरात तरी दुपारी याहून जास्त काय घडतं?

वडील गेल्यापासून घरात आई आणि मी, दोघंच. वय चौतीस, धंदा शेती, म्हणजे लग्नाच्या बाजारात मी न खपलेला माल. पूर्वी आई पोरींना नावं ठेवायची, ही सावळी, ती बुटकी. पुढे पोरीच मला नावं ठेवू लागल्या आणि आईनं एकेक अट सोडून दिली.

आईचा चष्मा उशाला असतो, नाकावर नसतो. दारात शेंगा सोलत बसलेल्या तिला मोबाइलचा फक्त आवाज ऐकू यायचा. एका पोरीचा, हळू, परक्या भाषेतला, आणि मधे लांबच लांब शांतता. त्या शांततेचा अर्थ तिनं आपल्या परीनं लावला.

"कोणाशी बोलून राह्यला रे?"

"कोणाशीच नाई. पाहून राह्यलो."

"कोन पोरगी हाय थे?"

"पोरगी नोहे वं आई, मशीन हाय."

आता आमच्याकडे मशीन म्हटलं की एक तर मळणीचं, नाहीतर शिलाईचं. पोरीच्या बाबतीत अर्थात शिलाईचं. आईनं त्याच दिवशी कारंज्याला मामाला फोन लावला. पोरानं पोरगी पाहून ठेवली हाय, मशीनवर हाय, बोलणं कमी हाय.

दुसऱ्या दिवशी मामा एसटीनं हजर. इस्त्रीचा शर्ट, खांद्यावर दुपट्टा. आमच्यात मामा भाच्याच्या पाया पडतो, तसा तो पडला आणि उठता उठता म्हणाला, "दाखवा भासे, फोटू."

मी पोट धरून हसलो. मग सगळं उलगडून सांगितलं. मामानं मोबाइल लांब धरून पाहिला. "हे तं चित्र हाय," तो म्हणाला. पण परतीची बस संध्याकाळी होती, आणि पोरगी पाहायला घरून निघालेला माणूस ती न पाहता परत कसा जाईल? मामा ताठ बसला, आईनं चष्मा लावला, चहा झाला आणि दोघांनी मला पुढचा भाग लावायला सांगितलं.

त्या भागात म्हातारा मरतो. मुलगी जिना उतरते. जिना बराच मोठा आहे.

"चाल चांगली हाय," मामा म्हणाला.

"वाळली हाय. जेवत नाई का?" आईनं विचारलं.

"नाई. चार्जिंगवर चालते."

"आपल्या इथं लाइन गेल्यावर मंग?" मामाला खरीच काळजी लागली. "घरी कोण कोण हाय?"

"म्हातारा होता. थो आताच मेला."

"घर कोणाच्या नावावर हाय मंग?"

याचा खुलासा मालिकेत नव्हता. मी तसं सांगितलं, तर मामाचं तोंड उतरलं. स्थळात काहीतरी लपवताहेत, असं त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

"सोंगाले येईन का पण?" आई म्हणाली. सोयाबीनची कापणी जमत असेल, तर बाकीच्या गोष्टी सोडून द्यायला ती तयार होती.

मग पडद्यावरच्या मुलीनं म्हाताऱ्यासाठी ताट वाढलं आणि समोर बसली. बसूनच राहिली. अन्न गार झालं. तिनं ताट उचललं, धुतलं आणि पुन्हा वाढलं. अंगणात एक शेळी आमचं सोयाबीन निवांत खात होती आणि तिला हाकलायला कोणी उठलं नाही.

"थो मेला हे तिले समजलं नाई का?" आईनं विचारलं.

"समजलं. पण तिले दुसरं काईच येत नाई."

आईनं चष्मा काढून ठेवला. मी मामाला स्टँडवर सोडायला गेलो. बसमध्ये चढताना तो म्हणाला, "पोरगी वाईट नाई. घराचं तेवढं इचारून घ्या." या माणसाचं करावं तरी काय?

सकाळी आईनं मला चुलीपाशी बोलावलं. पुढं परात, शेजारी ज्वारीच्या पिठाचा डबा.

"बस. भाकर शिक."

"मले काहून?"

"मी काय जन्माले पुरणार हाय तुले?"

तिनं हे रागानं म्हटलं असतं तर बरं झालं असतं. आदल्या दिवशी मी इतका हसलो होतो. मान खाली घालून परातीत पीठ घेतलं. आई रोज घेते तेवढं, दोघांपुरतं. आईनं त्यातलं अर्धं परत डब्यात टाकलं.

"एकट्यापुरतंच घे," ती म्हणाली. "अंदाज येऊ दे."