एक फूट ते अठरा फूट

२००२ साली मला रत्नागिरीतल्या एका कॉलेजात, पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत साहाय्यकाची नोकरी लागली. माझं गाव देवरूखच्या पुढे डोंगरात. रोज एसटीने ये-जा करणं जमण्यासारखं नव्हतं, म्हणून भाट्याच्या खाडीजवळ एका मुस्लिम कुटुंबाकडे मागच्या बाजूची खोली भाड्याने घेतली. घरात माणसं दोनच. जहाजावर खलाशी म्हणून उभं आयुष्य काढून घरी बसलेले चाचा, आणि चाची. एकुलता एक मुलगा कुवेतला एका गोदामात कामाला होता.

कॅमेरा त्या मुलाचा. एका रविवारी चाची कपाट आवरत होत्या, त्यातून तो निघाला. मला हाक मारून म्हणाल्या, "हे बघ गो बाय, तुला कामाला येतंय का. पोराने पहिल्या रजेला येताना आणलेला. आता त्याने दुसरा घेतलाय, रोल न लागणारा."

काळ्या प्लास्टिकचा, साबणाच्या डबीहून थोडा मोठा. धरायच्या जागेचं रबर उन्हाळ्यातल्या गुळासारखं चिकट झालेलं. मी दोन पेन्सिल सेल आणून घातले आणि फ्लॅशचं बटण सरकवलं, तर आतून डास गुणगुणावा तसा बारीक आवाज आला आणि थोड्या वेळाने नारिंगी दिवा लागला. इतकी वर्षं बंद असून तो चालू होता याचंच मला नवल वाटलं. वरती एक बटण आणि मागे रोल पुढे सरकवायचं एक दातेरी चाक, बाकी काही नाही. फिरवायला काही नाही, जुळवायला काही नाही.

मला कोडं पडलं ते इथेच. आमच्या विभागप्रमुख सरांकडे मोठा कॅमेरा होता. सहलीत ते फोटो काढायचे तेव्हा भिंगाभोवतीची कडी मागेपुढे फिरवून समोरचं स्पष्ट करून घ्यायचे, आणि तोवर मुलींच्या चेहऱ्यावरचं हसू वाळून जायचं. प्रयोगशाळेतही मी रोज मुलांना तेच शिकवत होते: मेणबत्ती जवळ आणली की पडदा मागे घ्यावा लागतो. मग या डबीतलं भिंग जागचं हलत नाही, तर याला जवळचं आणि लांबचं दोन्ही कसं दिसतं?

एक रोल आणून घातला आणि मिळेल ते टिपत सुटले. खळ्यातली म्हणजे पुढच्या अंगणातली जास्वंद, खाडीपलीकडची टेकडी, घावन घालणाऱ्या चाची. चाचींनी ओढणी तोंडावर ओढून घेतली, तरी मी बटण दाबलंच. रोल धुऊन आला तेव्हा टेकडीवरचे माड वेगवेगळे मोजता येत होते, आणि जास्वंदीचं नुसतं लाल ढगुळं झालं होतं. चाचीही धुरकट होत्या.

"बरं झालं," चाची म्हणाल्या. "मला नाहीच काढायचा होता फोटो."

मी ते फोटो सरांना दाखवले. त्यांनी जास्वंद डोळ्यांजवळ नेली, लांब नेली आणि परत दिली.

"खेळणं आहे ते," ते म्हणाले. "पण खेळणं करणाऱ्यानेही काहीतरी हिशेब केलेला असणार. कुठून पुढे स्पष्ट दिसतं, हे त्याने ठरवलेलं असणार. तुझ्याकडे टेप आहे ना? मग मला काय विचारतेस? माप घे."

सरांचं हे एक चांगलं होतं. उत्तर माहीत असलं तरी सांगायचे नाहीत.

मी बेत आखला. छत्तीस फोटोंचा रोल. त्यातले अठरा उन्हात, एक फुटापासून अठरा फुटांपर्यंत, दर फुटाला एक. मग तेच अठरा पडवीच्या सावलीत, फ्लॅश लावून. समोर एक माणूस उभं राहील आणि त्याच्या हातात पाटी असेल, पाटीवर खडूने अंतर लिहिलेलं, म्हणजे नंतर गोंधळ नको. आता छत्तीस वेळा गुमान उभं राहणारं माणूस कुठून आणायचं, एवढाच प्रश्न होता.

चाचा पडवीत दोरीला गाठी मारत बसले होते. त्यांना काम असं काही नसायचं, पण हात स्वस्थ ठेवणं जमायचं नाही. मी विचारलं.

"उभं राहायचं फक्त?" ते म्हणाले. "चाळीस वर्षं डेकवर उभा राहिलोय. उभं राहायची सवय आहे मला."

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या उन्हात आम्ही सुरुवात केली. अंगणाच्या कडेच्या जांभ्या दगडांच्या गडग्याला पाठ लावून चाचा उभे. प्रयोगशाळेतली टेप मी जमिनीवर पसरली होती. एक फुटावर कॅमेऱ्यात फक्त त्यांची दाढी मावत होती. ते गंभीर. दोन, तीन, चार. दर वेळी मी पाटी घेऊन जुना आकडा पुसायची, नवा लिहायची, टेपवर एक फूट मागे सरकायची. सातव्या फुटाला चाची दारात येऊन उभ्या राहिल्या.

"अगो, माणूस आहे तो. खांब नाही."

"खांब असतो तर बरं झालं असतं," चाचा ओठ न हलवता म्हणाले. "खांबाला घाम येत नाही."

चौदाव्या फुटाला चाची त्यांच्या लग्नाच्या फोटोबद्दल काहीतरी पुटपुटल्या, मला नीट ऐकू आलं नाही, आणि चाचा मोकळेपणाने हसले. मी तेव्हाच बटण दाबलं. सोळा, सतरा, अठरा. मग पडवीत पुन्हा पहिल्यापासून.

बाजारातल्या कलर लॅबच्या मालकाने पाकीट देताना मला नीट न्याहाळलं. "छत्तीसच्या छत्तीस एकाच म्हाताऱ्याचे? पाटी धरून?"

मी म्हटलं, "प्रयोग आहे."

"असेल," तो म्हणाला आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला.

उत्तर पाकिटातच होतं. तीन फुटांपर्यंत धूसर, चारला पाटीवरचा आकडा जेमतेम वाचता येत होता, आणि पाचपासून पुढे दाढीचा केस न् केस वेगळा. फ्लॅशचे फोटो बारा फुटांनंतर काळवंडत गेले होते. मी वहीत तक्ता केला आणि सरांकडे नेला. त्यांनी या खेपेला मात्र समजावून सांगितलं. भिंगामागचं भोक अगदी बारीक ठेवलंय, म्हणून जवळचं आणि लांबचं दोन्ही चालून जातं. चष्मा विसरलेला माणूस डोळे बारीक करून एसटीची पाटी वाचतो, तसंच. मी त्या दिवशी घरी येताना डोळे बारीक करकरून सगळ्या दुकानांच्या पाट्या वाचत आले.

माझ्यापुरता प्रयोग संपला होता. पण चाचींना ते फोटो फार आवडले. त्यांनी पाचसहा निवडून काढले, हसतानाचा त्यात आलाच, आणि पत्रात घालून कुवेतला पाठवले.

दोन-तीन आठवड्यांनी शुक्रवारी मुलाचा फोन आला. चाचींनी घेतला आणि ऐकता ऐकता ओढणीने डोळे पुसत हसायला लागल्या. त्याने पहिलाच प्रश्न विचारला होता: अब्बांना पोलिसांनी कधी पकडलं? त्याच्या खोलीतल्या माणसांनी फोटोतली हातातली पाटी बघून त्याची तशीच थट्टा केली होती म्हणे. मग त्याने मला फोनवर बोलवायला सांगितलं. आम्ही कधी बोललो नव्हतो. तो मला ताई म्हणाला.

"ताई, बाकीचे फोटो तुमच्याजवळ आहेत?"

"आहेत ना."

"सगळ्यांत अब्बांचा डावा हात बघा जरा. मला आलेल्या सगळ्या फोटोंत तो पोटाशी घेतलेला आहे. त्यांची तशी सवय नव्हती. अम्मीला आत्ता काही बोलू नका."

मी खोलीत जाऊन फोटो खाटेवर ओळीने मांडले. पाच फुटांपासून अठरा फुटांपर्यंत, उन्हातले वर, पडवीतले खाली. उजव्या हातात पाटी, आणि डावा हात कोपरात वाकवून पोटाशी धरलेला, बोटं काहीतरी चिमटीत धरल्यासारखी. एकाही फोटोत तो मोकळा लोंबत नव्हता. हसतानाच्या फोटोत सगळं अंग सैल झालेलं, पण तो हात तसाच. मी रोज सकाळ-संध्याकाळ त्यांना बघत होते. त्यांच्या दाढीचे केस मोजून झाले होते माझे, आणि हात दिसला नव्हता.

पुढचे दोन दिवस मी चोरून बघत राहिले. चाचा मशिदीतून येताना उजवा हात झुलायचा, डावा नाही. दोरीच्या गाठीही आता एका हातानेच ओढून घट्ट करत होते. मग मात्र चाचींना सांगावंच लागलं. "कधीपासून सदऱ्याची बटणं लावायला मला बोलावतात," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, लाड चाललेत म्हाताऱ्याचे."

रत्नागिरीतल्या डॉक्टरांनी चाचांना खोलीत चारपाच वेळा चालायला लावलं आणि कोल्हापूरला मेंदूच्या डॉक्टरांकडे पाठवलं. मीही सोबत गेले. कंपवाताची सुरुवात आहे, असं तिथे कळलं. कंप अजून आला नव्हता. काहींचं असंच होतं, आधी एका बाजूचा हात झुलायचा थांबतो. डॉक्टरांनी विचारलं, "तुमच्या कधी लक्षात आलं?"

"माझ्या नाही आलं," चाचा म्हणाले. "फोटोत आलं."

गोळ्या सुरू झाल्या. चाचा माझ्याशी पहिल्यासारखे बोलेनात. रागावले नव्हते, पण मी खळ्यात आले की ते उठून आत जायचे. मला वाटायचं, मी त्यांचं काहीतरी त्यांना न विचारता उघडं केलं. कॅमेरा मी कपाटात ठेवून दिला. महिना-दीड महिना असाच गेला असेल. मग एका दुपारी ते माझ्या दारात आले.

"तो डबा कुठाय?"

मी काढून दिला. त्यांनी उजव्या हाताच्या तळव्यावर तोलून पाहिला. "यात मला काही फिरवायला नाही लागत ना?"

"नाही. पाच फुटांच्या पुढे काहीही असो, फक्त दाबायचं."

"मग एका हाताचं काम आहे."

रोल पुढे सरकवायचं चाक त्यांना जड जायचं, ते मी करून द्यायची. फोटो ते एकटे काढायचे. जेट्टीवर जायचे, कॅमेरा कठड्यावर किंवा पालथ्या होडीवर ठेवायचे, डोळ्याला न लावताच अंदाजाने रोखायचे आणि दाबायचे. एक रोल संपवायला त्यांना चार महिने लागले. मी दर आठवड्याला विचारायची, कसले काढलेत? ते सांगायचे नाहीत. "आल्यावर कळेल," एवढंच.

आले ते फोटो आम्ही तिघांनी पडवीत बसून पाहिले. सगळे होड्यांचे आणि पाण्याचे. सात-आठांत त्यांचा स्वतःचाच अंगठा, दोन-तीन पार हललेले. मला एक गोष्ट दिसली म्हणून मी पट्टी आणून खात्री केली. समुद्राची रेघ प्रत्येक फोटोत अगदी सरळ होती, हललेल्यांतसुद्धा. माझ्या स्वतःच्या एकाही फोटोत ती तशी येत नसे. एका बाजूला हटकून कलायची.

"हे कसं जमतं तुम्हाला?" मी विचारलं.

"जमतं म्हणजे?" त्यांना प्रश्नच कळला नाही. "पाणी वाकडं कसं असेल?"

नंतरच्या वर्षांत त्यांनी असे नऊ-दहा रोल तरी संपवले. डावा हात थरथरायला लागला, मग थोडा उजवाही, तरी जेट्टीवरची फेरी चुकली नाही. २००६ला मुलगा रजेवर आला. त्याचा नवा कॅमेरा घेऊन त्याने दोन दिवसांत तीनशे फोटो काढले आणि अब्बांच्या शेजारी बसून छोट्या पडद्यावर एकेक दाखवले. चाचांनी सगळे पाहिले. मग विचारलं, "यातले बिघडलेले कुठायत?"

"ते मी पुसून टाकले, अब्बा."

"कधी?"

"तिथल्या तिथे. लगेच दिसतं ना."

चाचांनी कॅमेरा त्याच्या हातात परत दिला. "चांगलं आहे," म्हणाले. "पण मग वाट कसली बघायची?"

पुढच्या वर्षी मला देवरूखच्या बाजूला नोकरी मिळाली आणि मी खोली सोडली. कॅमेरा माझ्यासोबत द्यायला चाची निघाल्या होत्या. मी तो चाचांच्या पुढ्यात ठेवला. रोल सरकवायचं काम चाचींकडे आलं. वाकड्या तोंडाने करायच्या, पण करायच्या.

दर दिवाळीच्या सुट्टीत मी भेटायला जायची. एका वर्षी गेले तर चाचांनी संपलेला रोल माझ्या हातात दिला. मी बाजारात नेला. लॅबच्या मालकाने आता मशीन काढून टाकलं होतं आणि त्या जागी मोबाईलची कव्हरं मांडली होती. रोल घेतो, म्हणाला, पण जमले की कोल्हापूरला पाठवावे लागतात, महिना धरा. मी रोल तसाच घेऊन परत आले आणि चाचांना तसं सांगितलं. मला वाटलं, ते नाराज होतील.

"महिना ना?" ते म्हणाले. "जहाजावर आम्ही घरच्या पत्रासाठी तीन-तीन महिने थांबायचो. दे त्याला."

मी पुन्हा बाजारात गेले आणि रोल देऊन पावती आणली.