बंट्यासाठी आठ दिवस

दत्ताराम घाग सुतार होता. अठ्ठावन्नाव्या वर्षी त्याने पटाशीला तेल लावलं आणि ती पेटीत ठेवली, ती कायमची. त्यानंतर एकच काम अंगावर राहिलं, आणि ते काही केल्या पुरं होईना.

काम म्हणजे बंट्या. मुलीने, मिनलने, भाईंदर पूर्वेला नाक्यावरून उचलून आणलेला कुत्रा. ती लग्न होऊन गेली, कुत्रा राहिला. एरवी गुणी. पण कुणाच्या हातात छत्री, काठी, झाडू असं लांब काही दिसलं की झेप. घरात येण्याआधी कुणीतरी त्याला बडवलेलं असणार. त्र्याण्णव साली तो जिना झाडणाऱ्या मंदाच्या पोटरीला चावला. दत्तारामने सोबत जाऊन तिची सगळी इंजेक्शनं पुरी करून घेतली. सोसायटीने कागद दिला: पंधरा दिवसांत कुत्रा हलवा, नाहीतर नगरपालिकेची गाडी बोलावू. त्या गाडीत गेलेलं कुत्रं परत येत नसे.

घ्यायला माणसं आली नाहीत असं नाही. दत्ताराम आधी खोड सांगायचा, मग अट घालायचा.

"आठ दिवस रोज यायचं. भाकरी तुमच्याच हाताने घालायची. शेजारी पाव तास बसायचं, हात रिकामे. नवव्या दिवशी न्या."

"अहो, कुत्रा देताय की मुलगी?" त्याची बायको गिरिजा आतून ओरडायची.

"मुलगी कुणाला चावली नव्हती."

सिल्व्हर पार्कचे एक साहेब तीन दिवस आले, चौथ्या दिवशी त्यांनी नोकर पाठवला. खारी गावातला एक जण पहिल्याच दिवशी काठी घेऊन आला. वर म्हणतो, "काठी नाय त कुत्रा आयकल कसा?" दत्तारामचं डोकं उठलं. ओलं लाकूड रंध्याखाली घेतलं तर चौकट वाकते, हे शेंबड्या पोरालाही कळतं. जित्या जिवाचं मात्र सगळ्यांना आजच्या आज हवं.

चौदाव्या दिवशी तो बाजारातून आला, तर बंट्या जागेवर नाही. गिरिजाने सकाळीच देऊन टाकला होता, स्टीलच्या भांड्यांचा गाळा चालवणाऱ्या जितेंद्रभाईला.

"उद्या गाडी आली असती, ते चाललं असतं?" ती म्हणाली आणि पदराने डोळे पुसू लागली.

दत्ताराम पिशवी तिथेच टाकून गाळ्यावर गेला. बंट्या हातभर साखळीला बांधलेला. पुढ्यात लाल तिखट कालवलेला भात, तसाच.

"मिरची खिलाने से कुत्ता तेज होता है," जितेंद्रभाई म्हणाला. "पर ये तो पागल है, काका. मेरे आदमी को काटा."

"आदमी के हाथ में क्या था?"

"डंडा. और क्या होगा?"

दत्ताराम साखळी सोडायला वाकला. बंट्याने त्याच्या मनगटाचा चावा घेतला. सहा वर्षांत पहिल्यांदा. दत्तारामने नळाखाली हात धुतला, रुमाल बांधला, आणि दोन्ही हात रिकामे दाखवत कुत्र्यापासून सहा फुटांवर खाली बसला. केलेलं सगळं काम एका सकाळीत मातीत गेलं होतं.

"ले जाओ इसको. मेरे को वॉचमन मंगता है, झमेला नहीं."

"घर ले जाएगा तो कल गाडी उठाएगी." दत्तारामने रुमालाची गाठ आवळली. "वॉचमन मैं बनता है. कुत्ता मेरे पास. दूसरा कोई खाना नहीं देगा. और इधर कोई डंडा लेके आया, तो पहले मैं काटेगा."

जितेंद्रभाई हसला, पण कबूल झाला. दत्ताराम हसला नाही. तिथून तो आधी इंजेक्शन घ्यायला गेला.

"जन्मभर राबून हौस फिटली नाही का?" घरी गिरिजाने विचारलं.

"फिटली होती. पण तुमच्यातल्या एकालाही आठ दिवस जमले नाहीत."

दुसऱ्या दिवशी तिने गाळ्यावर न्यायला दिलेल्या डब्यात दोन भाकऱ्या जास्त होत्या. चौथ्या दिवशी बंट्याने दत्तारामच्या हातातली भाकरी घेतली आणि मनगटावरची पट्टी हुंगली. साखळी सोडायला आता हरकत नव्हती.

दत्तारामने ती सोडली नाही. अजून चार दिवस बाकी होते.