उतरायचं कुठं?

"पण उतरायचं कुठं, ते सांग ना!" असं म्हणत ती माझ्या काउंटरच्या काचेवर पेनाचं टोपण टकटक आपटायची. त्या जागी काचेला अजून चरे आहेत, जव्हारला आलात तर दाखवते.

माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान. शेजारच्या लॅबमध्ये ती रक्त तपासायची. एमएस्सी झालेली, साखरशेतची. मी ताई म्हणायचे. तिला एका जागी बसलेलं मी कधी पाहिलंच नाही! चहासुद्धा उभ्यानं, तोही अर्धा.

एकदा धापा टाकतच आली. "अगं, पीएचडीची जाहिरात! एकच जागा आहे, नाशकात. कॅन्सरच्या गाठीत जीनचं औषध कसं पोचवायचं, त्यावर काम. भर फॉर्म, भर!"

मी भराभर टाइप करत विचारलं, "म्हणजे नक्की काय गं?"

"जीपच की! औषध म्हणजे पॅसेंजर. आईला केमो देतात ना, तो पॅसेंजर प्रत्येक स्टॉपला उतरतो. केसांत, तोंडात, पोटात. आम्ही चरबीचा इवलासा थेंब बनवणार, ती जीप. आत जीनचा तुकडा, बिघडलेल्या पेशीला 'आता बस कर वाढणं' सांगणारा. उतरणार फक्त गाठीत!" टकटक. "उतरायचं कुठं, सगळं त्यावर आहे."

दर शनिवारी ती जीपवाल्या काकांकडे गावी पाठवायला एक पुडकं द्यायची. त्यात आईचं औषध असतं, हे मला तेव्हा कळलं. आमच्याकडे डबा, चावी, चष्मा, सगळं जीपनंच जातं हो.

सर्टिफिकेटांच्या सही केलेल्या प्रती शुक्रवारी पाचच्या आत नाशकात पोचायला हव्या होत्या. मोखाड्याची तिची मैत्रीण त्याच दिवशी नाशिकला निघालेली. काकांची पहिली फेरी साखरशेतची, दुसरी मोखाड्याची. ताईनं सकाळीच पाकीट त्यांच्याकडे दिलं. "मोखाड्याच्या स्टँडवर मैत्रीण उभी असेल, तिला द्या."

अकराला मैत्रिणीचा फोन. "काका म्हणतात, गाडीत पाकीटच नाही."

ताईनं काकांना फोन लावला. ते अगदी शांत. "पोचलं की. तुमचं पुडकं तुमच्या आईच्या हातात दिलं."

"काका, आज शुक्रवार आहे!"

"मंग काय झालं? एक दिस आधी दिलं."

आम्ही माझ्या स्कूटीवरून सुसाट साखरशेतला. आई डोक्याला रुमाल बांधून ओट्यावर बसलेली. पाकीट तिनं नाचणीच्या कणगीत जपून ठेवलेलं. "या येळी गोळ्या लई चपट्या दिल्यात गं."

मी फिस्सकन हसले. ताई मात्र ओट्यावर बसली. हो, बसली! "बघ, गाडी चांगली, माल चांगला, उतरला भलतीकडेच," ती म्हणाली. "नाहीच जात मी. आई, हे औषध माणसांपर्यंत यायला दहा वर्षं लागतील. तोवर तुझ्याजवळ कोण?"

आईनं पाकीट तिच्या मांडीवर ठेवलं. "दहा तर दहा. जीप भरं तवर बसतोच ना आपण? पन त्याला स्टँडवर तरी जायला लागंल."

ताई उठली. घाटात स्कूटी दोनदा तापली, दोनदा थांबलो, आणि पाचला दहा कमी असताना नाशकात अर्जाच्या खिडकीवर पोचलो. ताईच्या अंगावर लॅबचा पांढरा कोट तसाच.

जागा तिला मिळाली. आता फोन केला की म्हणते, "उंदराच्या गाठीत थोडंच उतरतंय गं, बाकी सगळं लिव्हरमध्ये!" आणि ठेवूनच देते. मी आपली हॅलो हॅलो करत बसते.

शनिवारचं पुडकं आता मी देते. त्यावर स्केचपेननं मोठ्ठं लिहिते, साखरशेत, आई. काका ते मोठ्यानं वाचतात, तरी खिडकीतून डोकं काढून विचारतातच, "उतरवायचं कुठं?"

हसत नाहीत हं. गाडी भरलेली असते, पॅसेंजर ओरडत असतात, पण मी सांगेपर्यंत ते गिअर टाकत नाहीत.