रांगेतली फट

संगणक केंद्र विद्यापीठाच्या सर्वांत जुन्या इमारतीच्या तळघरात होते. तिथे यंत्रांची कपाटे ओळीने उभी होती आणि त्यांना गार ठेवण्यासाठी लागणारी थंडी माणसांच्या सोयीचा विचार न करता बारा महिने सोडलेली असे. काचेच्या आडभिंतीमागे जी बाई बसे, ती भर उन्हाळ्यात स्वेटर घालून कामावर येई. तिचे पद लांबलचक होते. लोक तिला रांगबाई म्हणत. हे तिच्या कानावर आले होते. तिने त्याचा ना निषेध केला, ना स्वीकार.

यंत्रे सामायिक होती. हवामानवाले, पुलांचे अभियंते, आकाशगंगांचे अभ्यासक, कर्करोगावरच्या औषधांची चाचणी करणारी रुग्णालये, असे सगळे आपापली गणिते तिथे पाठवत आणि पाळी येण्याची वाट पाहत. गणितांना नावे द्यावी लागत. ‘अंतिम’, ‘अंतिम दोन’, ‘खरंच अंतिम’, ‘आता तरी’ अशा नावांवरून रांगबाईला प्रत्येक विभागाच्या मनःस्थितीचा अंदाज येई. रांग ती लावत नसे. रांग एक प्रोग्राम लावी. पण प्रोग्रामला जिना उतरून भेटता येत नाही, त्याच्यापुढे डोळ्यांत पाणी आणता येत नाही, म्हणून लोक तिला भेटत. ती सर्वांचे ऐकून घेई आणि कोणाचेही काही करत नसे. या निष्पक्षपातीपणाबद्दल तिला मान होता, आणि मान असलेल्या माणसाला जितपत मित्र असतात तितपत मित्रही होते.

एक नियम मात्र तिने स्वतः आणला होता. गणिताला किती वेळ लागेल ते आधी सांगायचे, जास्तीत जास्त सात दिवस. सांगितलेला वेळ संपला, की गणित जिथे असेल तिथे तुटणार. परिणाम असा झाला, की सगळ्यांनीच सात दिवस मागायला सुरुवात केली.

तिची थोरली बहीण त्या वर्षी कर्करोगाच्या एका नव्या औषधाच्या चाचणीत दाखल झाली होती. मोठ्या डोसच्या गटात. औषध सुरू झाल्यापासून ताई पुन्हा स्वतःच्या पायांनी बाजारात जाऊ लागली होती आणि भाजीवाल्याने सांगितलेला भाव पहिल्या झटक्यात मान्य करणे तिने सोडले होते. डॉक्टर याला सुधारणा म्हणायला तयार नव्हते. घरच्यांना दुसरा शब्द सुचत नव्हता.

रविवारी रांगबाई ताईकडे गेली, तेव्हा ताई मटारच्या शेंगा सोलत बसली होती आणि भावजी वर्तमानपत्रामागे होते.

“दवाखान्यातली नर्स सांगत होती,” ताई म्हणाली, “शुक्रवारी सुरक्षा समिती बसायचीय. आतापर्यंतचा हिशेब त्यांच्यापुढे आला नाही, तर सगळ्यांचं औषध बंद. पुढची बैठक होईपर्यंत. आणि पुढची बैठक म्हणे उन्हाळ्यात.”

“हो, तसा नियम असतो.”

“हिशेबाचं घोडं कुठल्याशा संगणकापाशी अडलंय. तुझाच का तो?”

“माझा नाही. सगळ्यांचा आहे.”

“सगळ्यांचा म्हणजे कोणाचाच नाही. मग सरकव की जरा पुढे.”

“सरकवता येत नाही.”

“येत नाही, की सरकवत नाहीस?”

रांगबाईने एक शेंग उचलून सोलली. आत दाणे नव्हते. “सरकवत नाही,” ती म्हणाली.

“ऐकलंत का हो?” ताईने वर्तमानपत्राला विचारले. “शाळेत हिच्या वेण्या मी घालून द्यायचे. एकदा भांग वाकडा झाला होता, त्याचं उट्टं काढतेय.”

“नियम असतात,” वर्तमानपत्र म्हणाले.

“तुम्ही वाचा.”

सोमवारी सकाळी रांगबाई तिच्या साहेबांकडे गेली आणि आपली सख्खी बहीण अमुक चाचणीत आहे, त्या चाचणीचे गणित रांगेत आहे, हे तिने सांगितले. साहेबांनी चष्मा काढून पुसला. “कळवलंत ते उत्तम केलंत,” ते म्हणाले. “आता यापुढे मला काही कळवू नका.” त्या गणितापुरते अधिकार तिने आपल्या सहकाऱ्याकडे दिले. तो यंत्रांच्या थंडीची व्यवस्था पाही आणि त्याला सगळे गारवा म्हणत. गारव्याने अधिकार घेतले ते कोणीतरी पिशवी धरायला द्यावी तसे.

दुपारी चाचणीचा संख्याशास्त्रज्ञ खाली आला. हा गृहस्थ प्रत्येक विधानापूर्वी ‘बहुधा’ लावी. आपण कुठल्या रुग्णालयातून आलो हे सांगतानाही त्याने तो लावला.

“मॅडम, आमचं काम बहुधा अठरावं आहे. शुक्रवारपर्यंत काही ते लागत नाही. काही करता आलं तर...”

“माझी बहीण तुमच्या चाचणीत आहे.”

त्याचा चेहरा उजळला. “मग तर—”

“मग तर अजिबातच नाही. तुमच्या कामाला मी हात लावणार नाही.”

चेहरा पुन्हा पूर्ववत झाला. तो उठू लागला, तेव्हा तिने, अगदी कोणालाही विचारावे तसे, विचारले, “वेळ किती लागतो तुमच्या गणिताला?”

“सात दिवस मागितलेत.”

“मागितलेत किती ते मला दिसतंय. लागतो किती?”

“बहुधा... सव्वा दिवस.”

“आणि मागितले सात?”

“मागे एकदा दोन दिवस मागितले होते. संपत आलं होतं आणि तुम्ही तोडलंत.”

“मी नाही. प्रोग्रामने.”

“पत्र तुमच्या सहीचं होतं, मॅडम. अजून आहे माझ्याकडे.”

दुधाने तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पितो. हा पाणीही उकळून, गार करून, मग फुंकत होता. पण त्यामुळेच त्याचे काम अडले होते. रांगेच्या तोंडाशी आकाशगंगावाल्या प्राध्यापकांचे गणित होते, आणि त्याला निम्मी यंत्रे एकाच वेळी हवी होती. यंत्रे एकेक करून मोकळी होत आणि उरलेल्यांची वाट पाहत रिकामी थांबत. मोठ्या कुटुंबाला हॉटेलात एकत्रच बसायचे असते, म्हणून मालक टेबले रिकामी होतील तशी जोडत जातो. तोवर एखादा एकटा माणूस ‘चहा पिऊन उठतो’ म्हणाला, तर त्याला बसू देतो. त्यात कोणाची पाळी चुकत नाही. अट एवढीच, की तो चहा पिऊन खरोखर उठला पाहिजे. सात दिवस मागणारा माणूस चहाला आलेला नसतो, हे मालकाला कळते. प्रोग्रामलाही कळे.

हे सारे रांगबाईने केंद्राच्या प्रत्येक भिंतीवर सूचना म्हणून लावले होते. संख्याशास्त्रज्ञ ज्या खुर्चीत बसला होता, तिच्या पाठीमागेही एक होती. तिने बोट दाखवले. त्याने वळून उभ्यानेच वाचली.

“म्हणजे कमी वेळ मागितला तर आजसुद्धा लागेल?”

“फट दीड दिवसाची आहे. उद्या मध्यरात्री प्राध्यापकांचं सुरू होणार.”

“दीडच? आणि वेळ पुरला नाही तर?”

“तुटेल. आणि तुम्ही रांगेच्या शेवटी.”

“या वेळी रुग्ण वाढलेत. बहुधा पुरेल, पण—”

“तिथे बहुधा लिहायला जागा नाही. आकडा लिहावा लागतो.”

तो खुर्ची ओढून पडद्यासमोर बसला. “मॅडम, मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या अंदाजातली चूक मोजत आलो,” तो म्हणाला. “स्वतः अंदाज बहुधा कधी केलाच नाही.” मग त्याने दीड दिवस लिहिले आणि डोळे मिटून बटण दाबले. गणित लगेच सुरू झाले. इतक्या लवकर काही सुरू होण्याची सवय नसल्यामुळे तो आणखी घाबरला.

मंगळवारी मध्यरात्रीच्या सुमारास काचेमागे गर्दी झाली होती. संख्याशास्त्रज्ञ उभा होता, कारण त्याला बसवत नव्हते. गारवा पडद्यासमोर होता. रांगबाई भिंतीकडच्या खुर्चीत दोन्ही हात स्वेटरच्या बाह्यांत ओढून बसली होती. आकाशगंगावाले प्राध्यापक आपले गणित सुरू होताना पाहायला जातीने आले होते. रांगबाईशी त्यांचे वैर जुने आणि सुसंस्कृत होते. दोघे एकमेकांना नेहमी नमस्कार करीत.

सगळ्या रुग्णांच्या रक्ताचे, गाठींचे, हृदयाच्या ठोक्यांचे आकडे जुळवून झाले होते. शेवटची बेरीज चालली होती. वेळ संपत आला होता आणि बेरीज संपत नव्हती.

“पुरणार नाही,” संख्याशास्त्रज्ञ म्हणाला. या वेळी त्याने बहुधा लावले नाही.

गारव्याने मान वळवली. “बाई, वाढवू का वेळ?”

“मला विचारू नकोस.”

“मग कोणाला विचारू? साहेब तर काही कळवू नका म्हणालेत.”

“काय भानगड आहे?” प्राध्यापकांनी विचारले. संख्याशास्त्रज्ञाने सांगितले: औषध, समिती, शुक्रवार. थोडक्यात सांगणे त्याला जमत नसे, पण त्या दिवशी जमले.

प्राध्यापक ऐकत होते. “आकाशगंगांना काय घाई, असं लोकांना वाटतं,” ते म्हणाले. “त्यांना नसेल. मला आहे. महिनाअखेरीला मी निवृत्त होतोय.”

रांगबाईने ताईचा विचार करायचा नाही असे ठरवले होते, आणि ती तो अखंड करत होती.

“एक मार्ग आहे,” ती म्हणाली. “ज्याची पुढची पाळी आहे, त्याने आपलं गणित स्वतः थांबवून धरलं, तर आधीच्याला वेळ वाढवून देता येतो. त्यात कोणावर अन्याय होत नाही. कोणालाही मी हेच सांगितलं असतं.”

“कोणालाही?” प्राध्यापकांनी विचारले.

“कोणालाही.”

“गेल्या वर्षी माझं गणित असंच शेवटच्या बेरजेला तुटलं. मागे पुलांचे अभियंते होते. भली माणसं आहेत, थांबली असती. तेव्हा सांगितलं नाहीत.”

रांगबाईने उत्तर शोधले. नियमांत ते नव्हते. “नाही सांगितलं,” ती म्हणाली.

“आज सांगताय.”

“हो. माझी बहीण आहे त्या चाचणीत.”

संख्याशास्त्रज्ञ जमिनीकडे पाहू लागला. प्राध्यापकांनी तिच्याकडे, गारव्याकडे आणि मग पडद्याकडे पाहिले. “गणित थांबवतात कसं?” त्यांनी विचारले. “इतकी वर्षं इथं येतोय, पुढं कसं जायचं एवढंच शिकलो.”

गारव्याने त्यांना दाखवले. त्यांनी एका बोटाने ते केले. “हे मी चांगुलपणाने केलंय,” ते रांगबाईला म्हणाले, “नियमाने नाही. उद्या भिंतीवर लावू नका.” मग गारव्याने वेळ वाढवला, एसीचे तापमान बदलावे इतक्या सहज, एका ओळीत. ज्या ओळीला रांगबाई इतकी वर्षे तटबंदी समजत होती, ती एवढीच होती. बेरीज पूर्ण झाली, तोवर प्राध्यापकांचा चहासुद्धा संपला नव्हता.

दुसऱ्या दिवशी तिने सर्वांना ईमेल लिहून घडले ते कळवले, आपले नाते धरून. उत्तरे भराभर आली. हवामानवाल्यांनी विचारले, की त्यांच्या विभागप्रमुखांच्या आत्यालाही बरे नसते, तर त्याचा विचार होईल काय. तिने प्रत्येकाला सविस्तर उत्तर दिले. वेळ वाढवण्याची सोय तिने नियमांत घातली आणि भिंतीवर लावली. प्राध्यापकांनी ती वाचली नाही; कोणीच वाचली नाही.

शुक्रवारी समिती बसली. हिशेब वेळेवर आला होता आणि स्पष्ट होता. औषध लागू पडत होते; मोठ्या डोसने मात्र काहींच्या हृदयावर ताण येत होता. चाचणी चालू राहील, मोठा डोस सर्वांसाठी आजपासून निम्मा.

रांगबाई संध्याकाळी ताईकडे गेली. ताईला दवाखान्यातून फोन आला होता. भावजी आज वर्तमानपत्राशिवाय बसले होते आणि त्यामुळे अनोळखी दिसत होते.

“म्हणजे एवढा आटापिटा केलास,” ताई म्हणाली, “तो माझं औषध अर्धं करायला.”

“नाहीतर पूर्ण बंद झालं असतं.”

“पूर्ण बंद झालं असतं तर समितीला शिव्या घातल्या असत्या. आता तुला घालायच्या.”

“घाल.”

“अर्ध्याने भागेल?”

“माहीत नाही, ताई. अजून कोणालाच माहीत नाही.”

ताईने तिच्याकडे नीट पाहिले. खोटे सांगेल अशी थोडी आशा तिला असावी. मग विचारले, “ज्यांच्या हृदयाला त्रास होत होता, त्यांना कळलं का?”

“आज सगळ्यांनाच फोन गेलेत.”

“माझ्या शेजारी बसणारी ती उंच बाई आहे ना, तिला धाप लागायची. जिन्याची धाप, असं सांगायची.” ताई थांबली. “तिला गेला असेल?”

“सगळ्यांना गेलाय.”

“मग तिचं बरं झालं. माझं काय झालं ते मला ठाऊक नाही. दोन्ही लक्षात ठेव, नुसतं पहिलं नको.”

“ठेवते,” रांगबाई म्हणाली.

भावजी उठले आणि दुपारीच दवाखान्यातून आणलेली गोळ्यांची नवी डबी घेऊन आले. तिघांनी आलटून पालटून तिच्यावरची चिठ्ठी वाचली. मग ताईने पाणी मागितले.