हवालदारांना गोड बोलायला शिकवलं तेव्हा

साताऱ्यात प्रौढांना बाराखडी शिकवणारी मी. सांगलीकडच्या एका साखर कारखान्यानं मला बोलावलं ते तिथल्या माणसांना बोलायला शिकवायला. "बाई, आमच्या लोकांना बोलता येत नाही," मॅनेजर म्हणाले. बोलता येत नाही? फाटकापासून ऑफिसापर्यंत माझे कान किटले होते!

खरा घोर एका माणसाचा होता. उसाच्या बैलगाड्या वजनकाट्यावर लावून घ्यायला फौजेतून निवृत्त झालेले एक हवालदार होते. माणूस सोन्यासारखा, पण तोंड? देवा रे! "ए बैला, तुझं बैल मागं घे," हे त्यांचं सगळ्यात सौम्य वाक्य. ते त्यांनी एका संचालकाच्या मेव्हण्यालाही ऐकवलं. झालं! महिनाभरात जीभ सुधारली नाही तर नोकरी गेली, असं मॅनेजरनी बजावलं. हवालदारांच्या घरी लग्नाच्या मुली होत्या.

मी पाठ दिला. आधी नमस्कार, मग माणसाला बसवायचं, पाणी द्यायचं आणि हळू आवाजात काम सांगायचं. हवालदार सावधानमध्ये उभे राहून तो घोकायचे.

"आवं बाई, हळू बोललं की माझा घसा दुखतोय."

"दुखू दे! नोकरी गेली की सगळंच दुखेल."

महिना संपताना मॅनेजर स्वतः काट्यावर आले. नेमकी तेव्हाच एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं गाडी आडवी घातली आणि सगळी रांग तटली. आता तोफ उडणार म्हणून गाडीवान कान टवकारून बसले. पण हवालदारांनी नमस्कार केला, म्हाताऱ्याला हाताला धरून बाकावर बसवलं, पाणी दिलं आणि मऊ आवाजात म्हणाले, "काका, जरा सांगायचं हुतं..."

म्हाताऱ्याच्या हातातला तांब्या पडला. "माजं पोरगं!" म्हणून त्यानं हंबरडाच फोडला.

लढाई नुकतीच थांबलेली. पोरगा सीमेवर, पत्राचा पत्ता नाही. आणि आमच्याकडे वाईट बातमी उभ्या माणसाला सांगत नाहीत. आधी बसवतात, पाणी पाजतात.

हवालदार पाठ साफ विसरले. "आरं ए म्हाताऱ्या! पोराला काय धाड भरलीय? गाडी आडवी घातलीस, ती काढ की, मुडद्या!"

"निस्ती गाडी?"

"निस्ती गाडी रं!"

म्हातारा रडत हसत त्यांच्या गळ्यातच पडला. मग डोळे पुसत थेट मॅनेजरसमोर उभा राहिला. "सायेब, ह्येला परत ग्वाड बोलाय लावू नगा. ह्यो शिव्या देतोय तवर समदं बरं हाय, असं आमी समजतो." रांगेतून "व्हय, व्हय" झालं. मॅनेजर माझ्याकडे बघत राहिले. मी उसाकडे बघत राहिले. नोकरी वाचली.

दुसऱ्या दिवशी हवालदार वर्गात हजर.

"आता कशाला आलात?" मी फणकारले.

"बाई, फौजेतली तार आली की गावात वाचून दावाय मलाच बोलावत्यात. त्या म्हाताऱ्याची खरंच आली, तर मी वरडून कसं सांगू? त्यो पाठ पुन्यांदा घ्या."

मी घेतला. घसा माझाही दुखत होता.

तार आली नाही, पत्र आलं. पोरगा खुशाल होता. हवालदारांनी ते काट्यावर उभं राहून असं ओरडून वाचलं की रांगेतले बैल बुजले.