आधी खात्री, मग चहा

गोविंदनाना कुणाच्याही घरी गेले की समोर आलेला कप बोटाने दूर सारत. "आधी खात्री, मग चहा." धुळ्याच्या सैनिक कचेरीत ते कारकून होते, जुन्या लढाईतल्या शिपायांची माहिती जुळवणं हे त्यांचं काम. पहिल्याच भेटीत त्यांनी मला बापाचं, आजोबांचं, पणजोबांचं नाव विचारलं. पणजोबांपाशी मी अडकलो. "आडनाव सगळ्या गावाचं असतं, मास्तर. बापाचं नाव ज्याचं त्याचं."

मी गेलो होतो अक्कासाठी. अक्का माझी चुलत आजी. साक्रीजवळच्या आमच्या गावात, मी शिकवतो त्या शाळेच्या भिंतीवर, लढाईला गेलेल्यांच्या नावांची पाटी लागणार होती. त्यात अक्काच्या नवऱ्याचं, सखारामचं, नाव नव्हतं. दुसऱ्या महायुद्धात गेलेला तो परतलाच नाही. भाऊबंद म्हणत, पलटणीतून पळाला, कुठेतरी तोंड लपवून बसलाय. अक्का मात्र चाळीस वर्षं ठसठशीत कुंकू लावून एकच सांगत होती, "त्या पयनात नही!" ते पळाले नाहीत.

पुरावा एकच. रजेवर आला तेव्हा तो घरी ठेवून गेलेली लोखंडी पेटी. तिच्यावर त्याचा पलटणीतला नंबर होता. 'होता' म्हणतो, कारण त्याच वर्षीच्या दिवाळीत अक्कावर उपकार म्हणून मी ती पॉलिश पेपरने घासून हिरव्या ऑइलपेंटने रंगवली होती. शेजाऱ्यांनी कौतुकही केलं होतं.

नाना एसटीने आले, खिशातून ब्लेड काढलं आणि दुपारभर माझी कलाकुसर खरवडत बसले. घामाने टोपी भिजली, पण काढली नाही. अक्का समोरून हलली नाही. एकेक आकडा वर आला. शेवटचा अर्धाच उरला होता.

"आठ आहे," मी म्हणालो. "लिहून टाका."

"पेटी घासतानाही इतकीच खात्री होती का, मास्तर?"

अक्काचा चहा तसाच ठेवून ते गेले. शेवटच्या जागी शून्यापासून नऊपर्यंत एकेक आकडा घालून त्यांनी रेकॉर्ड कचेरीला दहा पत्रं पाठवली.

पहिलं उत्तर आठचंच आलं. नाव सखाराम. शेरा: फरार. अक्काला कोणत्या तोंडाने सांगू?

"बापाचं नाव वाचा," नाना म्हणाले.

ते रामजी होतं. आमचा सखाराम दगडूचा. नानांनी माझं ऐकलं असतं, तर भाऊबंदांना चाळीस वर्षांत जमलं नाही ते मी एका आकड्यात केलं असतं.

मग नुसते नकार येत राहिले. दोन महिन्यांनी नाना न कळवता गावात आले. ओट्यावर टेकले, टोपी काढून मांडीवर ठेवली आणि म्हणाले, "अक्का, चहा टाका."

"जुळलं!" मी टाळी वाजवली. नाना माझ्याकडे बघेनात.

अक्का उंबऱ्यातच थांबली. "भाऊ, टोपी का बरं काढी?"

नानांनी मांडीवरच्या टोपीवर हात ठेवला.

"त्या पयनात नही ना?"

"नाही, अक्का. शेवटचा आकडा तीन. सखाराम दगडू. आघाडीवरच पडले. तार भलत्याच तालुक्याला गेली होती."

मी चहा ऐकला होता. तिने टोपी पाहिली होती.

अक्का आत गेली. बराच वेळ स्टोव्ह पेटल्याचा आवाज आला नाही. ती कप घेऊन बाहेर आली तेव्हा तिचं कपाळ कोरं होतं. नाना उठून उभे राहिले, दोन्ही हातांनी कप घेतला आणि शेवटच्या घोटापर्यंत प्यायले.

पाटीवर सखारामचं नाव लागलं. पुढे नाना वारले, अक्काही गेली. पेटी माझ्याकडे आहे, अजून अर्धी हिरवी. तिला ब्रश लावायचं धाडस मला पुन्हा झालेलं नाही.