मनगट दे

"बोटं नकोत. मनगट दे."

काकूंशी ओळख झालेल्या प्रत्येक बाईनं हे वाक्य पहिल्या पाच मिनिटांत ऐकलेलं असे. फुगडीसाठी आपण हात पुढे केला की त्या आपली बोटं झटकून टाकत आणि थेट मनगट पकडत. "बोटं निसटतात," त्या म्हणत, "मनगट निसटत नाही." मग जी गिरकी सुरू होई, तिच्यात समोरच्या बाईचे पाय जमिनीला टेकलेत की नाही याची चौकशी त्या करत नसत.

पाठीत धपाटा घातल्याशिवाय जिची माया बाहेरच पडत नाही, अशी एखादी बाई तुम्हीही पाहिली असेल. काकू त्यांतल्याच, फक्त त्यांचा धपाटा दोन दिवस टिकायचा.

ही दोन हजार पाच-सहाची गोष्ट. अ‍ॅमस्टरडॅमच्या झुइडओस्ट भागातल्या एकाच इमारतीत आम्ही राहत होतो, मी सातव्या मजल्यावर आणि त्या नवव्या. काका कंपनीच्या कामासाठी तीन वर्षांकरता आलेले, अगदी अबोल गृहस्थ. काकू सांगलीकडच्या मुलींच्या शाळेत पंचवीस वर्षं पी.टी. शिकवून आल्या होत्या. इथे शिट्टी फुंकायला मुली नाहीत म्हटल्यावर त्यांनी आमच्या मराठी मंडळातल्या बायकांना मंगळागौरीचे खेळ शिकवायला घेतले. आम्ही सगळ्या कॉम्प्युटरसमोर बसून पाठी आखडलेल्या. आम्हाला वाटलं, जरा हलकंफुलकं नाचू, फोटो काढू.

पहिल्याच शनिवारी माझा ओठ फुटला. झिम्म्यात टाळी चुकली तर काकूंचा हात थांबत नसे, जे पुढे येईल त्यावर बसे. "हात आहे का भेंडीची भाजी?" त्या ओरडत. कुणी दमून खुर्चीत टेकली की त्या खुर्चीलाच लाथ घालत. दोघी जणी तिसऱ्या शनिवारनंतर आल्याच नाहीत. बाकीच्या मात्र येत राहिलो. का ते सांगणं कठीण आहे, पण शनिवारी संध्याकाळी घरी परतताना आठवड्याभरात पहिल्यांदा आपल्याला अंग आहे असं वाटायचं.

आमचा सराव वस्तीच्या ज्या सभागृहात चाले, तिथे आमच्या आधीच्या तासाला डच आजीबाईंचा एक गट हवाई बेटांवरचा नाच शिकायला येई. गळ्यात कागदी फुलांच्या माळा, हात लाटांसारखे हळूहळू हलवायचे. काकू दारात उभ्या राहून बघत. "वारा घालतायत का माशा हाकलतायत?" त्या आजीबाईंची शिक्षिका इनेके ही निवृत्त नर्स होती. तिनं एकदा आमचा सराव पाहिला आणि पुढच्या शनिवारपासून आमच्यासाठी सभागृहाच्या फ्रीजमध्ये बर्फाच्या पिशव्या ठेवायला लागली. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, तरी त्या तासभर बोलत बसत.

आणि सायकलची गोष्ट तर सगळ्या मंडळाला पाठ होती. मेट्रो स्टेशनाबाहेर एक सुटाबुटातला माणूस काकूंच्या सायकलचं कुलूप काढताना त्यांना दिसला. काकूंनी मागून जाऊन छत्रीनं त्याला असा झोडपला की त्याचा चष्मा फुटला आणि कपाळाला खोक पडली. सायकल त्याचीच होती. इथे सगळ्या सायकली काळ्या, सगळ्या म्हाताऱ्या. काकूंची तिथेच चार सायकली पलीकडे उभी होती. काकू त्याला दंडाला धरून घरी घेऊन आल्या, जखमेत हळद भरली आणि साबुदाण्याची खिचडी खायला लावली. तो बिचारा पिवळं कपाळ घेऊन ऑफिसला गेला. ही गोष्ट आम्ही हसून हसून सांगत असू. पुढे ती काकूंना फार महागात पडली.

मृदुला त्या उन्हाळ्यात आमच्यात आली. लग्न होऊन सहा महिने झाले होते. तिचा नवरा आमच्या मंडळाचा लाडका निवेदक. प्रत्येक कार्यक्रमात माइक त्याच्याच हातात, आवाज असा गोड की आजारी माणसानं उठून बसावं. मृदुला मात्र बोलतच नसे. ऑगस्टच्या उकाड्यातही लांब बाह्यांचा कुर्ता घालून येई.

तिची पहिली फुगडी माझ्याबरोबर झाली. मी मनगट धरलं तशी ती एकदम आकसली. "काय झालं गं?" मी विचारलं. ती म्हणाली, "काही नाही, इस्त्रीचा चटका." चटका असा मनगटाभोवती गोल बसत नाही, हे मला कळत होतं. मी पकड सैल केली आणि म्हणाले, "जप हं."

बास. एवढंच म्हणाले मी.

पुढच्या शनिवारी काकूंनी तिला ओढलं. "मनगट दे." मृदुलानं बोटं पुढे केली. काकूंनी ती झटकून मनगटं पकडली आणि मृदुला किंचाळली. भर गिरकीत काकू थांबल्या. त्यांनी तिची बाही कोपरापर्यंत वर सारली. चार बोटांचे निळे वण, त्याखाली जुने पिवळे. काकू ओरडतील असं आम्हाला वाटलं. बाही पुन्हा खाली ओढून त्यांनी बटण लावलं.

"माझ्या घरी चल."

"नको काकू. माझा व्हिसा त्याच्यावर आहे. पासपोर्ट पण त्याच्याकडेच."

काकू त्याच संध्याकाळी मंडळाच्या अध्यक्षांकडे गेल्या. अध्यक्ष हसले. "वहिनी, सायकलवाल्यासारखा गैरसमज नको. नवरा-बायकोतलं आहे. आणि इतका सज्जन मुलगा!"

मंडळात आमच्या खेळांचा कार्यक्रम होता, त्या दिवशी सकाळी काकू माझ्या दारात आल्या. मृदुलाला सरावाला घेऊन यायला त्या तिच्या घरी गेल्या होत्या. दार बाहेरून कुलूपबंद होतं. पत्र टाकायच्या फटीतून मृदुला एवढंच म्हणाली होती, "काकू, माझा हात हलत नाहीये." काकू मला म्हणाल्या, "तुला डच येतं. पोलिसांना फोन कर." मी काय म्हणावं? मी म्हणाले, "आधी अध्यक्षांना विचारू या का?"

काकूंनी माझ्याकडे नुसतं पाहिलं आणि त्या निघून गेल्या. ती नजर मला अजून सहन होत नाही.

दुपारी सभागृह भरलं. इनेकेचा गट आधी नाचला. मग आम्ही नऊवारी नेसून रांगेत उभ्या राहिलो. मृदुलाच्या नवऱ्यानं माइक घेतला, स्त्रीशक्तीवर चार वाक्यं बोलला आणि म्हणाला, "आमच्या सौभाग्यवतींचा पाय मुरगळलाय, त्या घरी विश्रांती घेतायत." काकू रांगेतून बाहेर आल्या, त्याच्या हातातला माइक काढून खाली ठेवला आणि म्हणाल्या, "मनगट दे."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. निवेदकाला फुगडीला ओढलं, केवढी गंमत! तोही हसला आणि त्यानं हात पुढे केले. पहिल्या दोन गिरक्या तो हसत होता. तिसऱ्या गिरकीला त्याचं हसू गेलं. "काकू, बास," तो म्हणाला. काकूंचे ओठ घट्ट मिटलेले होते. त्याचे बूट घसरू लागले, तो ओरडू लागला, टाळ्या थांबल्या. आणि काकूंनी हात सोडले.

माझ्या माहितीत त्यांनी हात सोडल्याची ही एकच वेळ.

तो पहिल्या रांगेतल्या खुर्च्यांवर आदळला. हाड मोडल्याचा आवाज मागपर्यंत गेला. रांगोळीवर त्याचं रक्त आणि एक दात पडला. काकू त्याच्यावर धावून गेल्या. आमच्या खेळातलं लाटणं त्यांच्या कमरेला खोचलेलं होतं, ते त्यांनी त्याच्या खांद्यावर, पाठीवर, जिथे बसेल तिथे घातलं. तिघा पुरुषांनी ओढूनही त्या हटेनात. तेवढ्यात त्यांनी त्याच्या खिशात हात घातला, किल्ली काढली आणि माझ्या अंगावर फेकली.

"पळ!"

मी मृदुलाच्या घराकडे पळाले. माझ्यामागे इनेके पळाली, कागदी माळ गळ्यातच. मृदुला स्वयंपाकघराच्या फरशीवर बसली होती. एक डोळा मिटलेला, डावा हात कोपरापासून भलत्याच दिशेला वळलेला. इनेकेनं गळ्यातला स्कार्फ काढून तिचा हात बांधला आणि मी अखेर फोन केला. सकाळी करायचा होता तो.

मृदुला वाचली. हॉस्पिटलमधून ती बायकांच्या आश्रयगृहात गेली आणि पुढे स्वतःच्या पायावर उभी राहिली. त्याच्या तक्रारीवरून पोलिसांनी काकूंनाही नेलं. त्यांना सोडलं, पण काकांच्या कंपनीनं महिनाभरात दोघांना परत पाठवायचं ठरवलं. आमच्या मंडळानं काकूंना पत्र लिहिलं, की त्यांच्या हिंसक वर्तनामुळे मंडळाच्या प्रतिमेला धक्का पोचला असून त्यांचं सभासदत्व रद्द करण्यात येत आहे. खाली समितीच्या सह्या होत्या. पाचवी माझी.

त्या निघाल्या त्या दिवशी मी नवव्या मजल्यावर गेले. बॅगा दारात होत्या, काका टॅक्सी बघायला खाली गेले होते.

"मृदुलाचं मनगट माझ्याआधी तू धरलं होतंस ना?" काकूंनी विचारलं.

"हो."

"कळलं नव्हतं?"

"कळलं होतं, काकू."

त्यांनी पदर कमरेला खोचला. मग म्हणाल्या, "मनगट दे."

मी दिलं. त्यांनी असं आवळलं की डोळ्यांत पाणी आलं. मी हात काढून घेतला नाही. खालून टॅक्सीचा हॉर्न वाजला तेव्हा त्यांनी पकड सोडली, माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि बॅग उचलली. त्यानंतर त्या मला भेटल्या नाहीत.

माझ्या मनगटावर चार बोटांचे वण उमटले होते. दोन दिवसांनी मंडळाची बैठक होती. मी मुद्दाम अर्ध्या बाह्यांचा ब्लाउज घालून गेले आणि सगळ्यांना चहा मीच दिला, एकेकाच्या डोळ्यांसमोर हात नेऊन. अध्यक्षांनी पाहिलं आणि साखर मागितली. दोघींनी पाहिलं आणि नजर वळवली.

तिसरीनं कप घेतला, माझ्या हाताकडे पाहिलं आणि हळूच म्हणाली, "जप हं."